प्रकाशाचा रंग आणि कणाचे माप

लग्नाचा मांडव असो, उरूस असो की ईदची बाजारपेठ असो, रंगीत दिव्यांच्या माळांवाचून आता कोणताही समारंभ पुरा होत नाही. एके काळी या माळांतील रंग ही एक साधी युक्ती होती. आतला दिवा पांढरट-पिवळाच असे. त्याच्या काचेवर लाल, हिरवा किंवा निळा लेप दिलेला असे. लेप आपल्याला हवा तो रंग बाहेर जाऊ देई आणि बाकीचा प्रकाश अडवून ठेवी. म्हणजे विजेचे बिल पूर्ण प्रकाशाचे आणि पदरात पडणारा प्रकाश मात्र त्याचा एक अंश, असा तो व्यवहार होता.

एलईडी दिव्याची गोष्ट निराळी आहे. त्याच्या लाल, हिरव्या किंवा निळ्या प्रकाशाचा रंग वरून चढवलेला नसतो. तो आतल्या पदार्थाच्या स्वभावातूनच येतो. मग पदार्थाचा हा स्वभाव माणसाला हवा तसा कसा घडवता आला? या प्रश्नाचा इतिहास शंभराहून अधिक वर्षांचा आहे. इंग्लंड, रशिया, अमेरिका, जपान अशा अनेक देशांतील माणसांचे हात त्याला लागलेले आहेत, आणि त्याचे एक महत्त्वाचे पान २०२३ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाने लिहिले गेले आहे.

हा इतिहास या स्मरणिकेत सांगण्याला प्रयोजन आहे. दहावी-बारावीनंतर मुलाला पुढे शिकवावे की एखाद्या गॅरेजला लावावे, मुलीला शास्त्र शाखेत घालावे की नको, हे प्रश्न निकाल लागले की आपल्या घराघरांत उभे राहतात. त्यांची तयार उत्तरे या लेखात मिळणार नाहीत. पण निर्णय घेण्यापूर्वी या इतिहासातील काही माणसांची ओळख करून घेतली, तर ती उपयोगी पडेल.

दोन मजल्यांचे घर

तांब्याची तार वीज सहज वाहून नेते. काच किंवा सुके लाकूड ती अडवते. या दोहोंच्या मधल्या वर्गाला अर्धसंवाहक म्हणतात. सिलिकॉन, गॅलियम आर्सेनाइड, कॅडमियम सेलेनाइड ही त्याची उदाहरणे. अशा पदार्थातील इलेक्ट्रॉनांची स्थिती दोन मजली घरासारखी कल्पावी. खालचा मजला गच्च भरलेला, वरचा जवळजवळ रिकामा, आणि मध्ये थांबायला एकही पायरी नाही. विजेच्या योगाने काही इलेक्ट्रॉन वरच्या मजल्यावर येतात आणि खालच्या मजल्यावर काही जागा मोकळ्या राहतात. वरचा इलेक्ट्रॉन खालच्या मोकळ्या जागेत उतरला, की दोन मजल्यांमधल्या उंचीइतकी ऊर्जा बाहेर पडते. काही पदार्थांत ती उष्णता होऊन वाया जाते. काही पदार्थांत ती प्रकाशाच्या रूपाने बाहेर येते.

मजल्यांमधले हे अंतर थोडे असेल तर प्रकाश लाल, अधिक असेल तर हिरवा आणि त्याहून अधिक असेल तर निळा. विद्यार्थ्यांना याचे एक सोपे गणित करून पाहता येईल. हे अंतर इलेक्ट्रॉन-व्होल्ट या एककात मोजतात. १२४० या संख्येला त्या अंतराने भागले, की प्रकाशाची तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये मिळते. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग. आपल्या डोळ्यांना साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर लांबीचा प्रकाश दिसतो. अंतर २ असेल तर उत्तर ६२० येते, म्हणजे लाल प्रकाश. अंतर २.७ असेल तर उत्तर सुमारे ४६० येते, म्हणजे निळा. गॅलियम आर्सेनाइडचे अंतर १.४२ आहे, त्याचे उत्तर सुमारे ८७३ येते. हा प्रकाश अवरक्त असल्याने आपल्याला दिसतच नाही.

तात्पर्य, रंग बदलायचा तर दोन मजल्यांमधले अंतर बदलले पाहिजे. पुढचा सारा इतिहास हे अंतर बदलण्याच्या खटपटीचा आहे.

पहिला प्रकाश आणि पहिली उपेक्षा

१९०७ साली मार्कोनी यांच्या बिनतारी संदेशाच्या कंपनीत काम करणारे इंग्रज अभियंते हेन्री राउंड हे कार्बोरंडम या पदार्थाच्या स्फटिकांची परीक्षा करीत होते. कार्बोरंडम म्हणजे धार लावण्याच्या दगडांत वापरतात तेच सिलिकॉन कार्बाइड. स्फटिकातून वीज सोडताच त्यांना पिवळसर प्रकाश दिसला. काही स्फटिकांतून हिरवा, नारिंगी किंवा निळा प्रकाशही आला. त्यांनी एका नियतकालिकात या विषयी छोटेसे टिपण दिले आणि गोष्ट तेथेच राहिली.

पुढे १९२० च्या दशकात रशियातील निझनी नोव्हगोरोद येथील रेडिओ प्रयोगशाळेत ओलेग लोसेव्ह या तरुण तंत्रज्ञाला हाच प्रकाश दिसला. तो तेवढ्यावर थांबला नाही. हा प्रकाश तापलेल्या तारेच्या प्रकाशासारखा नसून वेगळ्याच कारणाने येतो, हे त्याने प्रयोगांनी दाखवले आणि त्यावर एकामागून एक लेख प्रसिद्ध केले. दुसऱ्या महायुद्धात लेनिनग्राड शहराला शत्रूचा वेढा पडला. त्या वेढ्यात १९४२ साली लोसेव्ह उपासमारीने मरण पावला. त्याचे वय तेव्हा अवघे ३८ वर्षांचे होते. त्याच्या कामाचे मोल जगाला फार उशिरा कळले.

मिश्रणाने बदललेला रंग

डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाचा उपयुक्त एलईडी १९६२ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत निक होलोन्याक यांनी तयार केला. होलोन्याक हे पूर्व युरोपातून अमेरिकेत आलेल्या एका कोळसा खाणकामगाराचे चिरंजीव. तरुणपणी त्यांनी रेल्वेमार्गावर अंगमेहनतीचे कामही केले होते. पुढे इलिनॉय विद्यापीठात ते ट्रान्झिस्टरच्या जनकांपैकी एक असलेल्या जॉन बार्डीन यांचे विद्यार्थी झाले.

त्यांची युक्ती मिश्रणाची होती. गॅलियम आर्सेनाइडचा प्रकाश दिसत नाही, हे आपण वर पाहिले. होलोन्याक यांनी त्यातील आर्सेनिकच्या काही भागाच्या जागी फॉस्फरस घातला. त्यामुळे मजल्यांमधले अंतर वाढले आणि प्रकाश अवरक्तातून सरकून दृश्य लाल भागात आला. चहात दूध कमी-जास्त केले की चहाचा रंग पालटतो, तसाच हा प्रकार. फक्त येथे पालटतो तो बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचा रंग. १९७० च्या दशकातील गणकयंत्रांवर व मनगटी घड्याळांत जे लाल आकडे चमकत, ते याच शोधाचे फळ. होलोन्याक यांचेच विद्यार्थी जॉर्ज क्रॅफर्ड यांनी १९७२ साली पिवळा एलईडी दिला.

निळा रंग मात्र हाती लागेना, आणि निळ्यावाचून पांढरा प्रकाश होत नाही. त्यासाठी गॅलियम नायट्राइड हा पदार्थ हवा होता. पण त्याचे निर्दोष स्फटिक वाढवणे इतके अवघड होते, की अनेक संशोधकांनी तो नाद सोडून दिला. जपानमधील नागोया विद्यापीठाचे इसामु अकासाकी आणि त्यांचे विद्यार्थी हिरोशी अमानो यांनी तो सोडला नाही. १९८६ साली त्यांना चांगले स्फटिक मिळाले आणि १९८९ साली त्यांचा निळा एलईडी उजळला. त्याच काळात शिकोकू बेटावरील निचिया या लहानशा रासायनिक कंपनीत शुजी नाकामुरा हे स्वतंत्रपणे याच प्रश्नामागे लागले होते. टोकियोच्या नामांकित विद्यापीठात ते शिकलेले नव्हते. पदवी जवळच्या तोकुशिमा विद्यापीठाची. १९९३ साली त्यांचा तेजस्वी निळा एलईडी जगापुढे आला आणि डॉक्टरेट त्यांना त्यानंतर, १९९४ साली मिळाली. गॅलियम नायट्राइडमध्ये इंडियम किती मिसळायचे, यावर येथे रंग ठरतो. या तिघांना २०१४ सालचे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

निळ्या दिव्यावर पिवळा प्रकाश देणारी भुकटी बसवली, की दोन्ही मिळून पांढरा उजेड पडतो. आपल्या घरातील एलईडी दिवे बहुतेक असेच असतात. भारत सरकारने २०१५ च्या जानेवारीत सुरू केलेल्या उजाला योजनेत अशा ३६ कोटींहून अधिक दिव्यांचे वाटप झाले. झोपडीपासून बंगल्यापर्यंत जो उजेड पोचला, त्याच्या मुळाशी नागोया आणि तोकुशिमा येथील ही चिकाटी आहे.

काचेच्या भट्टीत सापडलेला नियम

येथवर रंग बदलण्याचा उपाय एकच होता : पदार्थ बदला किंवा मिश्रण बदला. पदार्थ तोच ठेवून केवळ त्याच्या कणाचे माप बदलले तर रंग बदलेल काय? प्रथमदर्शनी हा प्रश्न विचित्र वाटतो. सोन्याची वीट पिवळी आणि सोन्याचा मणीही पिवळाच. तुकडे केल्याने रंग बदलत नाही, हाच आपला रोजचा अनुभव आहे.

परंतु कण जेव्हा काही नॅनोमीटरइतका लहान होतो, म्हणजे त्यात काही शे किंवा काही हजार अणूच उरतात, तेव्हा हा अनुभव लागू पडत नाही. नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडावी लागलेले शास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रोलिश यांनी १९३७ सालीच सांगितले होते, की इतक्या लहान कणांचे वागणे मोठ्या तुकड्यांसारखे राहणार नाही. इलेक्ट्रॉनाला वावरायला जागाच अपुरी पडते आणि कोंडलेल्या इलेक्ट्रॉनाची ऊर्जा वाढते. बाजाची पेटी उघडून पाहिली, तर आत पितळेच्या पट्ट्या ओळीने बसवलेल्या दिसतात. धातू एकच, पण पट्टी आखूड असेल तर सूर चढा आणि लांब असेल तर सूर खालचा. अर्धसंवाहकाच्या कणाचेही तसेच आहे. कण लहान, तर मजल्यांमधले अंतर मोठे आणि प्रकाश निळ्याकडे झुकणारा. कण मोठा, तर प्रकाश लालकडे झुकणारा. अशा कणांना क्वांटम डॉट म्हणतात. मराठीत पुंज-बिंदू म्हणता येईल.

हे प्रत्यक्षात प्रथम दिसले ते काचेत. पिवळ्या आणि लाल काचेसाठी कॅडमियमची सल्फर व सेलेनियमबरोबरची संयुगे वापरण्याची रीत काचकारखान्यांत जुनी आहे. मसाला तोच असताना काच किती तापवली आणि कशी थंड केली यावर तिची छटा बदलते, हे काचकामगारांना अनुभवाने ठाऊक होते. असे का होते, हे लेनिनग्राडच्या वाविलोव्ह प्रकाशविज्ञान संस्थेतील अलेक्सेई एकिमोव्ह यांनी शोधायचे ठरवले. त्यांनी काचेत कॉपर क्लोराइड मिसळले आणि ती काच ५०० ते ७०० अंश सेल्सिअस तापमानात, एक तासापासून ९६ तासांपर्यंत तापवून पाहिली. क्ष-किरणांनी तपासल्यावर काचेत कॉपर क्लोराइडचे बारीक स्फटिक आढळले. काहींचे माप दोन नॅनोमीटर होते, काहींचे तीसपर्यंत गेले होते. प्रकाशाची परीक्षा करताच दिसून आले, की स्फटिक जितके लहान तितका त्यांनी शोषलेला प्रकाश जांभळ्या टोकाकडे सरकलेला. १९८१ साली एकिमोव्ह यांनी सहकारी ओनुश्चेंको यांच्यासह हे निष्कर्ष सोव्हिएत नियतकालिकात प्रसिद्ध केले. कामगारांचा पिढ्यान्पिढ्यांचा अनुभव अशा रीतीने शास्त्राच्या भाषेत मांडला गेला.

टेबलावर राहिलेले द्रावण

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत लुईस ब्रूस यांचे काम अगदी निराळे होते. सूर्यप्रकाशाच्या ऊर्जेने रासायनिक क्रिया घडवता येतील काय, हे ते पाहत होते आणि त्यासाठी त्यांनी कॅडमियम सल्फाइडचे सूक्ष्म कण पाण्यासारख्या द्रवात तरंगत ठेवले होते. काही काळ ते द्रावण टेबलावर तसेच राहिले. पुन्हा तपासले, तेव्हा त्याचे प्रकाशविषयक गुण बदललेले आढळले. दुसरा एखादा हे द्रावण बिघडले म्हणून ओतून देता. ब्रूस यांना शंका आली, की मधल्या काळात कण वाढले असावेत. त्यांनी नव्याने बनवलेले सुमारे ४.५ नॅनोमीटरचे कण आणि जुने झालेले सुमारे १२.५ नॅनोमीटरचे कण यांची तुलना केली. मोठे कण नेहमीच्या कॅडमियम सल्फाइडसारखे वागत होते; लहान कणांचे शोषण निळ्याकडे सरकले होते. १९८३ साली त्यांनी हे जाहीर केले.

एकिमोव्ह यांचे दोन वर्षांपूर्वीचे काम ब्रूस यांना तेव्हा माहीत नव्हते. जगाचे दोन तट पडलेले होते आणि एका तटाचे लेख दुसऱ्याकडे उशिराने पोचत. ज्ञान कोणत्या भाषेत छापले जाते आणि कोणाच्या हाती पडते, याला किती महत्त्व असते ते यावरून दिसते. आपली मुले मराठी, उर्दू आणि इंग्रजी या तीन भाषांच्या संगमावर शिकतात. हे ओझे आहे अशी तक्रार आपण अनेकदा ऐकतो. परंतु एकाच विषयाकडे जाणाऱ्या तीन वाटा ज्याला खुल्या आहेत, त्याची अडचण एकच वाट असणाऱ्याहून कमीच असते, हेही लक्षात घ्यावे.

शंभरपैकी वीस गुण

आपल्या स्मरणिकांत मध्ययुगातील थोर शास्त्रज्ञांची नावे वारंवार येतात आणि ती यावीतच. पण त्यांच्या जोडीला आपल्या काळातील नावेही मुलांच्या कानांवर पडली पाहिजेत. मौंगी बाउएन्दी हे असेच एक नाव.

त्यांचा जन्म १९६१ साली पॅरिसमध्ये झाला. वडील मोहम्मद सलाह बाउएन्दी हे ट्युनिशियात जन्मलेले गणितज्ञ. मौंगी यांचे बालपण फ्रान्स आणि ट्युनिशियात गेले आणि नंतर कुटुंब अमेरिकेस आले. शाळेत त्यांना सारे सहज येत असे. अभ्यास करण्याची फारशी गरजच पडली नव्हती. त्याच भरवशावर ते हार्वर्ड विद्यापीठात रसायनशास्त्राच्या पहिल्या परीक्षेला बसले. पहिला प्रश्न आला नाही, दुसराही आला नाही. निकाल लागला तेव्हा शंभरपैकी वीस गुण पडले होते, आणि ते वर्गातील सर्वांत कमी होते. आता आपले येथे काही खरे नाही, असे त्या वेळी त्यांना वाटले. हे त्यांनी नोबेल पारितोषिक मिळाल्यानंतर पत्रकारांना स्वतःच सांगितले. त्यांनी विषय सोडला नाही. अभ्यास कसा करायचा असतो, हे ते नव्याने शिकले. पुढे शिकागो विद्यापीठातून १९८८ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली, ब्रूस यांच्या हाताखाली बेल प्रयोगशाळेत काम केले आणि १९९० पासून मॅसेच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत अध्यापन सुरू केले.

त्यांच्यापुढचा प्रश्न असा होता. कणाच्या मापाने रंग ठरतो हे सिद्ध झाले होते. पण सारे कण एकाच मापाचे बनवता येत नव्हते. लहान-मोठ्या कणांची सरमिसळ झाली, की रंगांचीही सरमिसळ होते आणि शुद्ध रंग मिळत नाही. सर्व पट्ट्या एकदम दाबलेल्या पेटीतून सूर कोठून निघणार? १९९३ साली बाउएन्दी यांनी ख्रिस्तोफर मरे व डेव्हिड नॉरिस या आपल्या विद्यार्थ्यांसह यावर तोड काढली. एक विशिष्ट द्रव सुमारे ३०० अंशांपर्यंत तापवायचा आणि कॅडमियम व सेलेनियम असलेली द्रव्ये पिचकारीने त्यात एकदम सोडायची. गर्दी एकाएकी वाढल्याने असंख्य स्फटिकांची बीजे एकाच क्षणी धरतात. थंड द्रव्य पडल्याने तापमान उतरते आणि नवी बीजे धरणे थांबते. मग पुन्हा हळूहळू तापवले, की सारी बीजे बरोबरीने वाढतात. खडीसाखर करणाऱ्याला हे तत्त्व समजावून सांगावे लागणार नाही. पाक तोच असतो. पण खडे कधी धरतात आणि किती वेळ वाढू द्यायचे, यावर माल ठरतो. या रीतीने १.२ ते ११.५ नॅनोमीटरपर्यंत हव्या त्या मापाचे कॅडमियम सेलेनाइडचे कण मिळू लागले. दोन नॅनोमीटरच्या आसपासचे कण निळसर प्रकाश देतात, मधल्या मापाचे हिरवा व पिवळा, आणि सहाच्या आसपासचे लाल. बाटल्या ओळीने ठेवल्या तर इंद्रधनुष्य उभे राहते, आणि प्रत्येक बाटलीत पदार्थ मात्र एकच असतो.

४ ऑक्टोबर २०२३ रोजी एकिमोव्ह, ब्रूस आणि बाउएन्दी या तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. ज्या विषयात एकदा वीस गुण पडले होते, त्याच विषयाचे हे पारितोषिक होते.

प्रयोगशाळेतून दिवाणखान्यात

कण तयार झाले म्हणजे दिवा तयार झाला असे नव्हे. ती वाट चालणाऱ्यांत तरुण संशोधक मुलींचा वाटा मोठा आहे. १९९४ साली बर्कले येथे पॉल अलिव्हिसॅटोस यांच्या प्रयोगशाळेत विकी कोल्व्हिन या विद्यार्थिनीने कॅडमियम सेलेनाइडचे कण आणि वीजवाहक प्लास्टिक यांच्या थरांतून एलईडी बनवला. कणाचे माप बदलताच त्याचा रंग लालपासून पिवळ्यापर्यंत बदलला. १९९६ साली शिकागो विद्यापीठात मार्गारेट हाइन्स यांनी फिलिप गुयो-सियोने यांच्या मार्गदर्शनाखाली कणावर झिंक सल्फाइडचे कवच चढवले. कणाच्या पृष्ठभागावरील दोषांमुळे प्रकाश वाया जात असे. कवचामुळे शोषलेल्या प्रकाशाचा सुमारे ५० टक्के भाग परत प्रकाश म्हणून मिळू लागला. २०१५ साली झुरिचमध्ये लोरेडाना प्रोटेसेस्कु आणि सहकाऱ्यांनी मॅक्सिम कोव्हालेन्को यांच्या प्रयोगशाळेत सीझियम, शिसे आणि क्लोरीन-ब्रोमीन-आयोडीन यांपासून नव्या जातीचे कण बनवले. त्यांत मिश्रण आणि माप या दोन्ही उपायांनी ४१० ते ७०० नॅनोमीटरपर्यंतचा कोणताही रंग मिळवता येतो. होलोन्याक यांची युक्ती आणि एकिमोव्ह यांचा नियम येथे एकत्र आले. या तिन्ही शोधनिबंधांवर पहिले नाव मुलीचे आहे.

आपल्या महाराष्ट्राचाही या विषयाशी संबंध आहे. पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात सुलभा कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झिंक सल्फाइडच्या सूक्ष्म कणांवर काम केले. या पदार्थाच्या मजल्यांमधले अंतर इतके मोठे, की त्याचा स्वतःचा प्रकाश जंबुपार भागात जातो व डोळ्यांना दिसत नाही. पण त्यात परक्या धातूचा अंश मिसळला, की मध्येच एक पायरी तयार होते आणि दृश्य रंग मिळतो. मँगनीजने नारिंगी प्रकाश येतो. तांब्याचा अंश घालून हिरवा प्रकाश मिळवल्याचे या गटाने १९९५ साली प्रसिद्ध केले. रंग बदलण्याचा हा तिसरा उपाय होय.

२०१३ साली सोनी कंपनीने क्वांटम डॉट वापरलेले दूरदर्शन संच बाजारात आणले. त्यांत मागे निळे एलईडी असतात. कण त्या निळ्या प्रकाशाचा काही भाग शोषून शुद्ध लाल व हिरवा प्रकाश देतात. लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही रंग निर्मळ मिळाले, की पडद्यावरील चित्राचे सारे रंग खुलतात.

एका अडचणीचा उल्लेख केल्याशिवाय हा इतिहास पुरा होणार नाही. कॅडमियम विषारी आहे. सुरुवातीच्या कृतीत वापरले जाणारे कॅडमियमचे द्रव्य तर अतिशय धोकादायक होते; २००१ साली शियाओगांग पेंग यांनी त्याऐवजी साधे कॅडमियम ऑक्साइड वापरण्याची रीत दिली. युरोपीय संघाने विद्युत उपकरणांतील कॅडमियमवर वजनाच्या ०.०१ टक्क्याची मर्यादा घातली, पण काही उपयोगांना सवलत ठेवली. सॅमसंग कंपनीने २०१५ साली कॅडमियमरहित, इंडियम फॉस्फाइडच्या कणांचे संच आणले. झुरिचच्या कणांत शिसे आहे, आणि तेही विषारीच. शिवाय थेट विजेवर चालणारा, निळ्या रंगाचा आणि दीर्घकाळ टिकणारा क्वांटम डॉट एलईडी बनवणे लाल व हिरव्यापेक्षा अवघड ठरले आहे. म्हणजे नव्या मुलांसाठी काम शिल्लक आहे.

पालकांशी दोन शब्द

या इतिहासातील माणसांची यादी पुन्हा डोळ्यांखाली घालावी. एक साधा तंत्रज्ञ, एका खाणकामगाराचा मुलगा, एका बेटावरील लहान कंपनीतला नोकर, पहिल्याच परीक्षेत वर्गात शेवटचा आलेला एक विद्यार्थी आणि काही विद्यार्थिनी. या सर्वांना बुद्धी होतीच; परंतु त्यांच्या वाट्याला आणखी एक गोष्ट आली होती, ती म्हणजे वेळ. होलोन्याक यांना शिकू देणारे घर मिळाले. अमानो यांना धीर न सोडणारा गुरू मिळाला. बाउएन्दी यांना वीस गुणांनंतर दुसरी परीक्षा मिळाली. लोसेव्हला मात्र वेळ मिळाला नाही, आणि त्याच्याबरोबर काय काय गेले ते आता कोणालाही सांगता येणार नाही.

घरची ओढाताण खोटी नसते. मुलाच्या कमाईवर चूल पेटण्याची वेळ ज्यांच्यावर येते, त्यांना उपदेश करण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण जेथे केवळ एका विषयातील कमी गुणांमुळे शास्त्र शाखा सोडण्याचा निर्णय होतो, किंवा मुलगी आहे म्हणून महाविद्यालयाचा अर्ज आणलाच जात नाही, तेथे थोडे थांबावे. शिक्षकांना भेटावे. शिष्यवृत्तीची चौकशी करावी. मुलाने किंवा मुलीने मागितली तर आणखी एक संधी द्यावी.

विद्यार्थी मित्रांनो, वर दिलेले १२४० चे गणित वहीत करून पाहा. शाळेच्या प्रयोगशाळेत लाल, हिरवा आणि निळा असे तीन एलईडी मिळवा आणि प्रत्येक दिवा किती व्होल्टला उजळू लागतो ते शिक्षकांच्या देखरेखीखाली मोजा. प्रत्येकाच्या जोडीला एक रोध जोडायला विसरू नका. लालपेक्षा निळ्याला अधिक व्होल्ट लागतात, हे तुम्हाला स्वतः दिसेल. आणि का लागतात, हे या लेखावरून सांगता येईल. तीन दिवे, एक रोध, एक बॅटरी आणि एक मापक एवढेच साहित्य त्याला पुरते.